हत्यारे फुकट आहेत, हात बसवायचा आहे

बारावीचे निकाल लागले, पदवीच्या परीक्षा आटोपल्या, की आमच्या वस्तीत एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘‘पोराला कॉम्प्युटरचा कोर्स लावावा म्हणतो, कुठला लावू?’’ मी पेशाने कारकून, वाणिज्य शाखेचा पदवीधर. संध्याकाळी कचेरीतून घरी आलो की शिष्यवृत्तीचे, दाखल्याचे, रेशनकार्डाचे अर्ज घेऊन लोक येतात आणि जाता जाता हा प्रश्न विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्यामागे घरातली सगळी शिल्लक उभी असते.

दोन वर्षांपूर्वी हा प्रश्न माझ्याच घरातून आला. थोरली बहीण, आमची आक्का, आणि दाजी एका रविवारी भाचीला घेऊन आले. दाजी कारखान्यात फिटर. भाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला, शिक्षण मराठी माध्यमातले. तिला वेबसाइट बनवण्याचे काम शिकायचे होते. एका खासगी क्लासने सहा महिन्यांचे ८५,००० रुपये सांगितले होते. तेवढी रक्कम घरात नव्हती. आक्काचे गंठण गहाण ठेवायचे, असे दोघांनी ठरवूनच आणले होते. मला फक्त कागद पाहायला दिले.

कागद वाचणे हा माझा रोजचा धंदा. जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत ‘नोकरीची हमी’ होती. पावतीच्या मागच्या बारीक मजकुरात ‘नोकरीसाठी साहाय्य केले जाईल’ असे होते. हमी आणि साहाय्य यांतला फरक आपल्या लोकांना सांगावा लागत नाही. मग मी शिकवायच्या गोष्टींची यादी पाहिली. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, व्हीएस कोड, गिट, ब्राउझरची तपासणी साधने. यांतले एकही विकत घ्यावे लागत नाही, ही गोष्ट त्या यादीत कुठेच लिहिलेली नव्हती.

हे फुकट कसे, याला एक इतिहास आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली स्वित्झर्लंडमधील सर्न या विज्ञानसंस्थेत वेबची पहिली योजना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी खुले केले. कुणी कुणाला परवाना फी द्यायची नाही, कुणाची परवानगी मागायची नाही. पुढे या कामाची बरीचशी हत्यारेही त्याच वाटेने मोफत मिळत गेली. गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केले, तेही सर्वांना खुले आहे. व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा संपादक मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणला, तोही पैसे न देता मिळतो.

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘आयटीआयला आम्हाला सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसती कानस मारायला लावली होती. कानस कुठे महाग असते? हात बसायला वेळ लागतो.’’ फिटरच्या या एका वाक्यात सगळा हिशेब आला. ठरले असे, की तीन महिने थांबायचे. १४,००० रुपयांना एक वापरलेला लॅपटॉप घेतला. रोज रात्री जेवणे झाल्यावर भाची माझ्या टेबलाच्या एका बाजूला बसू लागली आणि दुसऱ्या बाजूला मी माझे अर्ज लिहू लागलो. मी संगणकतज्ज्ञ नाही. शेजारी बसून जे पाहिले आणि हिशेबनीसाच्या नजरेने जे उमगले, तेच इथे सांगतो.

पहिले हत्यार प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीच असते. संगणकावर कुठलेही पान उघडा आणि एफ-१२ हे बटन दाबा, किंवा उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. पानाची आतली रचना समोर येते. मथळा कुठला, परिच्छेद कुठला, रंग कुठून आला, सगळे दिसते. त्यात बदलही करता येतो. भाचीने एका मोठ्या वृत्तपत्राच्या पानावरचा मथळा बदलून तिथे आमच्या वस्तीचे नाव टाकले आणि आक्का घाबरली, ‘‘अगं, पोलिस येतील!’’ पण तो बदल फक्त आपल्या पडद्यावर होतो. पान पुन्हा उघडले की सारे जसेच्या तसे. मोडतोडीची भीती नाही आणि कसलेल्या माणसांचे काम उलगडून पाहता येते. शिकणाऱ्याला याहून मोठा उस्ताद कोणता?

काम तीन भाषांत चालते. कचेरीतल्या छापील अर्जाचे उदाहरण घेऊ. कुठे मथळा, कुठे रकाना, कुठे सहीची जागा, ही मांडणी एचटीएमएल सांगते. अक्षर केवढे, रंग कुठला, समास किती, हे सीएसएस सांगते. रकाना रिकामा राहिला तर लगेच ‘हे भरा’ असे बजावण्याचे काम जावास्क्रिप्ट करते. हे तिन्ही साध्या मजकुराच्या फायलीत लिहिले जातात. व्हीएस कोडसारखा संपादक कंस जुळले की नाही, शब्द अर्धा राहिला का, हे रंगाने दाखवतो म्हणून सोपे जाते, इतकेच.

चूक झाली की खरी परीक्षा सुरू होते. त्याच एफ-१२ च्या खिडकीत ‘कन्सोल’ नावाचा भाग आहे. तिथे चूक लाल अक्षरात येते, फायलीचे नाव आणि ओळीचा क्रमांकही येतो. पण सगळे इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकलेले मूल इथेच मान खाली घालते आणि ‘आपल्याला हे जमायचे नाही’ म्हणून उठते. भाचीने एक दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला लाल अक्षरातले वाक्य, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि उपाय. ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ म्हणजे नको तिथे आलेले चिन्ह, बहुधा कंस किंवा अवतरणचिन्ह राहिले. ‘नॉट डिफाइन्ड’ म्हणजे ज्या नावाला हाक मारली ते नावच कुठे ठरवलेले नाही, स्पेलिंग पाहा. महिन्याभरात तिच्या लक्षात आले की रोज भेटणारी वाक्ये चाळीस-पन्नासच आहेत. इंग्रजीचा डोंगर वाटत होता, ती टेकडी निघाली. आणखी एक नियम तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिला : दहा चुका दिसल्या तर सर्वांत वरची आधी दुरुस्त कर. पुष्कळदा बाकीच्या तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

जिथे लाल अक्षर येत नाही, पण पान नीट दिसतही नाही, तिथे माझे वाणिज्य उपयोगी पडले. तेरीज जुळली नाही की जुने हिशेबनीस सगळी वही पहिल्यापासून वाचत नसत. फरकाच्या रकमेला ९ ने पूर्ण भाग जातो का पाहत. जात असेल तर आकडे उलटसुलट पडल्याचा संशय, ५४ च्या जागी ४५. नाहीतर वहीचे दोन भाग करीत. अर्ध्यापर्यंतची बेरीज जुळली म्हणजे चूक पुढच्या अर्ध्यात. त्याचे पुन्हा दोन भाग. कोडमध्येही हेच चालते. अर्धा भाग तात्पुरता बंद करून पाहायचा. दोष गेला तर तो त्या अर्ध्यात, राहिला तर उरलेल्यात. हजार ओळींची फाइल असली तरी दहा वेळा अर्धी केली की बोट एका ओळीवर येते.

दुसरा उपाय त्याहून सोपा आहे : मोठ्याने समजावून सांगणे. परदेशातले प्रोग्रॅमर म्हणे टेबलावर रबराचे बदक ठेवतात आणि आपला कोड ओळीओळीने त्याला समजावतात. १९९९ साली निघालेल्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकातून ही युक्ती जगभर पसरली. आमच्या घरी बदकाची जागा मी घेतली. भाची सांगू लागे, ‘‘मामा, ही ओळ तारीख घेते. ही ओळ ती आजच्या तारखेशी ताडते. आणि ही... थांबा मामा, इथे मी कंसच बंद केला नाही!’’ मी एक अक्षर बोललेलो नसे. ज्यांच्या घरात मुले हे काम शिकतात त्या आई-वडिलांना माझे सांगणे आहे. आपल्याला काही कळत नाही म्हणून लांब बसू नका. नुसते ऐका. ऐकणे हेही या कामातले एक हत्यार आहे.

आता गिटविषयी. शिकाऊ मुलांच्या संगणकात ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘एकदम फायनल’ अशा नावांच्या फायली साठलेल्या असतात आणि खरी कुठली ते कुणालाच सांगता येत नाही. गिट म्हणजे कामाची रोजकीर्द. एक काम पुरे झाले की नोंद करायची. त्या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. कुणी केली, कधी केली, कुठल्या ओळी बदलल्या, हे त्यात राहते आणि आपण एक शेरा लिहायचा. ‘बदल केले’ असा शेरा निरुपयोगी. ‘अर्जाच्या शेवटच्या तारखेचा रकाना घातला’ असा शेरा सहा महिन्यांनीही बोलतो. आणि चुकलेली नोंद? चांगल्या हिशेबवहीत खाडाखोड करीत नाहीत, दुरुस्तीची उलट नोंद घालतात. गिटमध्येही ‘रिव्हर्ट’ ही आज्ञा नेमके तेच करते. जुनी नोंद जागेवर राहते आणि तिला उलटवणारी नवी नोंद खाली पडते. पान बिघडले तरी कालच्या स्थितीला परत जाता येते. हा धीर मिळाला की मूल बिनधास्त प्रयोग करते.

मात्र वहीची स्मरणशक्ती दुधारी असते. पासवर्ड किंवा कुणाचा आधार क्रमांक चुकून नोंदीत गेला, तर नंतर पुसूनही जुन्या पानावर तो राहतोच. पासवर्ड निसटला तर तो लगेच बदलायचा. आधार क्रमांक आणि मुलांचे फोन नंबर अशा फायलीत कधीच लिहायचे नाहीत. ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

भाचीने पहिले काम निवडले ते आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेचे पान. उघडण्याच्या वेळा, पुस्तकांची यादी, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या शेवटच्या तारखा. आजवर या सूचना फोटो काढून मोबाइलवर फिरत. फोटोतला मजकूर शोधता येत नाही, अंध मुलाच्या मोबाइलला तो वाचून दाखवणे जड जाते आणि तारीख बदलली तरी जुना फोटो फिरतच राहतो. तारीख हुकली की वर्षाची फी घरातून भरावी लागते. ते कुणाच्या घरातून जाते, हे मी वेगळे सांगायला नको.

पान तयार झाले. लॅपटॉपवर देखणे दिसले. दाजींच्या मोबाइलवर मात्र गोल फिरणारे चक्रच दिसत राहिले. त्यांचा फोन जुना, काच तडकलेली आणि आमच्या गल्लीत नेट जेमतेम. भाचीने ‘नेटवर्क’ हा भाग उघडला. कुठली फाइल किती जड आणि किती वेळ घेते, याचा तिथे तक्ताच मिळतो. अभ्यासिकेचे सहा फोटो, प्रत्येक ४ एमबीचा, म्हणजे २४ एमबी. सेकंदाला १ मेगाबिट इतका वेग धरला तर एका एमबीला ८ सेकंद, म्हणजे सगळे यायला १९२ सेकंद. तीन मिनिटांहून जास्त कोण थांबेल? तिने स्क्वूश नावाच्या मोफत साधनाने फोटो लहान केले, वेबपी प्रकारात साठवले. प्रत्येक फोटो साधारण १०० केबी. आता सगळे मिळून पाच सेकंद. पडद्यावर फोटो पूर्वीइतकेच स्वच्छ.

ब्राउझरमध्येच मोबाइलच्या आकारात पान पाहण्याची आणि नेट मुद्दाम संथ करून तपासण्याची सोय आहे. ती रोज वापरावी. पण शेवटची परीक्षा घरातल्या सर्वांत जुन्या फोनवर घ्यावी. मोठ्या पगाराची माणसे मोठ्या फोनवर पान बनवतात आणि त्यांना ते पळताना दिसते. आपल्या मुलांना संथ नेट म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही. या धंद्यात ही आपली जमेची बाजू आहे.

मराठी पानाच्या काही खास खोडी आहेत, त्याही सांगतो. अभ्यासिकेच्या पुस्तकांची यादी एका छापखान्यातून आली होती. पानावर चिकटवली तर नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. कारण ती जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तिथे संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच असतात, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे सोंग देतो. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. म्हणून जुना मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करायचा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासायची. फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठवायची आणि पानाच्या माथ्यावर तसे लिहायचे. पानाची भाषा ‘एमआर’ म्हणजे मराठी अशी नोंदवायची. त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या यंत्राला भाषा कळते आणि काही फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात. ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवायचे, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. अक्षरे ताणून अंतर पाडू नये, शिरोरेषा तुटते. मुक्ता, बालू असे सुरेख देवनागरी फॉन्ट मुंबईच्या एक टाइप या गटाने केले आहेत आणि ते मोफत वापरता येतात.

पान जगासमोर मांडायलाही पैसे लागले नाहीत. गिटहब पेजेससारख्या सोयीवर साधी पाने विनामूल्य ठेवता येतात. स्वतःचे नाव हवे असेल तर मात्र वर्षाला भाडे भरावे लागते. पान चढवले आणि घरी दिसणारा एक फोटो तिथे दिसेना. अर्धा तास गेला. तक्त्यात ‘४०४’ म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ असा शेरा होता. फायलीच्या नावातले पहिले अक्षर मोठे होते आणि कोडमध्ये ते लहान लिहिलेले. घरच्या विंडोजला मोठे-लहान अक्षर सारखेच. पण पाने ठेवणारे संगणक बहुधा लिनक्सवर चालतात आणि तिथे ती दोन वेगळी नावे ठरतात. तेव्हापासून तिचा नियम : फायलींची नावे नेहमी लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा नाही.

‘आता तर एआयच सगळा कोड लिहून देते, मग शिकायचे कशाला?’ असे हल्ली पुष्कळजण विचारतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा प्रश्न वाढला. भाचीही अडले की एआयला विचारते. ते पटकन लिहून देते, कधी अचूक, कधी चुकीचे. पण चुकीचेही ते तितक्याच आत्मविश्वासाने देते. म्हणून ज्याला तपासता येते त्यालाच त्याचा उपयोग. नव्या कारकुनाने लिहिलेले पत्र वाचल्याशिवाय कुठला हेडक्लार्क पुढे पाठवील? समजलेली ओळ ठेवायची, न समजलेली ओळ आधी समजून घ्यायची. एवढा नियम पाळला तर एआय हा चांगला मदतनीस आहे.

पुढे काय झाले, हे आपण विचारालच. अभ्यासिकेचे पान पाहून खानावळ चालवणाऱ्या एका बाईंनी तिच्याकडून पान करून घेतले आणि ३,००० रुपये दिले. मग नोकरीसाठी चार ठिकाणी नकार आले. आठव्या महिन्यात एका छोट्या कचेरीत काम मिळाले. मुलाखतीत पदवीचे प्रमाणपत्र दोन मिनिटे पाहिले आणि पाऊण तास बोलणे झाले ते तिच्या गिटमधल्या नोंदींवर. पगार मोठा नाही. पण आक्काचे गंठण आक्काच्या गळ्यातच आहे. आज भाची स्वतःच्या पगारातून एक पुढचा कोर्स करते आहे. फी कशाची द्यायची, हे आता तिला कळते.

क्लास वाईटच असतात असे मी म्हणत नाही. चांगला शिक्षक आणि बरोबर शिकणारी चार मुले यांचे मोल मोठे आहे. पण पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. आधी शिकून गेलेल्या मुलांनी केलेली पाने दाखवता का? हमी लेखी देता का? मध्येच सोडले तर किती पैसे परत? आणि वर्गात मुलगा स्वतः किती तास कोड लिहील? उत्तर टाळले तर पावती फाडू देऊ नका.

आणि मुलगी शिकत असेल तर आणखी एक करा. कोडच्या कामात मन एकदा मोडले की पुन्हा जुळायला वेळ लागतो. दर दहा मिनिटांनी ‘चहा ठेव’, ‘पाणी भर’ अशी हाक आली तर कुठलेही हत्यार चालत नाही. तिला टेबलाची एक बाजू आणि रात्रीचे दोन तास मोकळे करून द्या. भांडी तिच्या भावालाही घासता येतात.